प्रश्न तुमचे: फिल्मच्या कॅमेऱ्याला डिजिटल बॅक

या वेळी मराठवाड्यातून आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. १२० च्या रोलवर चालणारा कॅमेरा घरात किंवा स्टुडिओत पडून आहे, त्याच्या पाठीला डिजिटल बॅक (फिल्मच्या जागी बसणारा, सेन्सर असलेला डबा) लावता येईल का, आणि लावल्यावर काय काय अडते? निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न (जालना): वडिलांच्या स्टुडिओतला हॅसलब्लाड ५०० सी/एम चालू स्थितीत आहे. ८० आणि १५० मिमीच्या लेन्स आहेत. सेकंडहँड डिजिटल बॅक घ्यायची आहे. कोणती घ्यावी? बॉडीत काही बदल करावा लागेल का?

उत्तर: बॉडीला हात लावू नका, गरज नाही. १९५७ च्या ५०० सी पासून या मालिकेच्या मॅगझिनची (फिल्मच्या सुट्या डब्याची) बैठक, म्हणजे कॅमेऱ्यावर बसायची जागा, तीच राहिली आहे. खालच्या दोन आधारांवर मॅगझिन टेकवायचे, वर कॅमेऱ्याकडे झुकवायचे आणि वरचे बटण सरकवून अडकवायचे. डिजिटल बॅकही अशीच बसते. फिल्म पुढे ढकलणारे बॉडीतले दातेरी चाक तेवढे रिकामे फिरते. चावी मात्र दर फोटोनंतर द्यावीच लागते, कारण आरसा खाली येणे आणि शटर ताणले जाणे तिच्यावरच आहे.

घेताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नको, बैठकीचा विचारा. फेज वन कंपनीची पी २५ ही एकच बॅक वेगवेगळ्या कॅमेऱ्यांसाठी वेगवेगळ्या बैठकींत निघाली. तुम्हाला हवी 'व्ही' बैठक. विकणारा नुसते 'हॅसलब्लाडची आहे' म्हणाला, तर ती पुढच्या 'एच' मालिकेची असू शकते आणि ती तुमच्या बॉडीवर बसणार नाही. बैठक घरी बदलता येत नाही. बॅकची जी बाजू कॅमेऱ्याला लागते तिचा स्पष्ट फोटो मागवा आणि आपल्या फिल्म मॅगझिनच्या पुढच्या बाजूशी ताडून पाहा.

दुसरा प्रश्न सेन्सरच्या आकाराचा. तुमच्या फिल्मची चौकट सुमारे ५६ × ५६ मिमी. जुन्या १६ मेगापिक्सेलच्या चौकोनी बॅकमध्ये सेन्सर ३६.९ × ३६.९ मिमी असतो, म्हणजे ८० मिमीची लेन्स फिल्मवरच्या १२० मिमीसारखी वागते. पोर्ट्रेटला हे बरे पडते, लग्नाच्या ग्रुप फोटोला नाही. पी २५ किंवा पी ४५ चा सेन्सर साधारण ४९ × ३७ मिमी, हॅसलब्लाडच्या सीएफव्ही २ ५० सी चा ४३.८ × ३२.९ मिमी. हे आडवे आयत आहेत. उभी फ्रेम हवी तर कॅमेराच कुशीवर करावा लागतो, आणि कमरेजवळ धरून वरून पाहायच्या व्ह्यूफाइंडरमधून तेव्हा काही साधत नाही. डोळ्याला लावून पाहायचा प्रिझम लावावा लागतो. चौकोनी सेन्सरला ही भानगड नाही. टेबलावर उत्पादनांचे फोटो आणि स्टुडिओतली पोर्ट्रेट एवढेच काम असेल, तर जुनी चौकोनी बॅक अजूनही उत्तम सौदा आहे. बाहेर, कमी उजेडात काम असेल तर सीमॉस सेन्सरची नवी बॅक घ्या. सीसीडी, म्हणजे जुन्या प्रकारच्या सेन्सरची बॅक आयएसओ ५० ते १०० वर जेवढी सुंदर, तेवढीच ४०० वर कुरकुरते.

पैसे देण्याआधी चार फोटो स्वतः काढून लॅपटॉपवर १०० टक्के मोठे करून पाहा. पहिला, एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकसबाहेर: डाग, ओरखडे दिसतात. दुसरा, त्याच भिंतीचा पण थोडा गडद: मध्यभागी उभी रेघ किंवा डाव्या-उजव्या अर्ध्याच्या रंगात फरक दिसला, तर सेन्सरच्या दोन भागांचे वाचन जुळत नाही. तिसरा, लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचा: पेटलेले पिक्सेल मोजा. चौथा, बॅक अर्धा तास चालू ठेवल्यानंतर पुन्हा झाकण लावून. तिसऱ्या आणि चौथ्यात जमीन-अस्मानाचा फरक असेल तर सोडून द्या. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पिना सरळ आहेत का तेही बघा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लहान क्षमतेचे न्या, कारण जुन्या बॅक मोठी कार्डे ओळखतीलच असे नाही.

प्रश्न (परभणी): माझ्याकडे याशिका मॅट १२४ जी आहे. त्याला बॅक बसेल का?

उत्तर: नाही. त्याची पाठ म्हणजे बिजागरीवरचा दरवाजा आहे, सुटे मॅगझिन नव्हे. रोलायकॉर्डचेही तेच. पेंटॅक्स ६४५, मामिया एम ६४५ आणि १००० एस मध्ये फिल्मचा खण सुटा निघतो, पण तो कॅमेऱ्याच्या आत जातो, म्हणून तिथेही बॅक बसत नाही. मामिया ६४५ एएफडी ला बसते.

याशिकाचा खरा उपयोग फिल्मवरच करा आणि निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने उतरवा. पूर्ण फ्रेमचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, उभा स्टँड आणि चांगल्या रंगाचा एलईडी पाट एवढे पुरे. चौकोनी निगेटिव्हला फ्रेमचे ४००० × ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला साधारण १८०० बिंदू. १२ × १२ इंची प्रिंट ३०० वर करायला एवढे पुरते. एफ/८, सर्वांत कमी आयएसओ, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा पाटाला समांतर आहे की नाही हे पाहायला निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात आले की समांतर झाला. खोलीतला दिवा मालवायला विसरू नका, नाहीतर फिल्मच्या चकचकीत बाजूवर त्याची छाया येते.

प्रश्न (बीड): ५०० सी/एम वर जुनी सीसीडी बॅक लावली आहे. काही फोटो पूर्ण काळे येतात, काही अर्धवट. फ्लॅश उडतो, बॅकवरचा दिवाही लागतो. बॅक गेली का?

उत्तर: बहुधा बॅक ठणठणीत आहे. बॉडी यांत्रिक आहे, तिच्याकडून बॅकला 'आता उघड' एवढे कळवण्याचा रस्ता फार साधा असतो आणि तोच कुठेतरी तुटतो. हॅसलब्लाडच्या स्वतःच्या सीएफव्ही बॅकला ५०० मालिकेवर केबल लागत नाही, बॉडीतूनच इशारा मिळतो. इतर अनेक बॅकना लेन्सवरच्या पीसी सॉकेटमधून (फ्लॅशची वायर जोडायच्या छोट्या खाचेतून) छोटी सिंक केबल आणावी लागते. तुमची दुसऱ्या प्रकारातली असावी असे धरून क्रमाने तपासा.

आधी लेन्सवर पाहा. जुन्या 'सी' लेन्सला शटरजवळ एक छोटी कळ असते, तिच्यावर एम, एक्स, व्ही अशी अक्षरे असतात. ती एक्सवरच हवी. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. एम जुन्या फ्लॅश बल्बसाठी आहे: बल्ब पेटायला वेळ लागतो म्हणून इशारा शटर उघडण्याच्या सुमारे १६ ते २० मिलिसेकंद आधी जातो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर उडून विझलेला असतो, आणि बॅकचाही हिशेब चुकतो. चित्र काळे. ही कळ बॅगेत घासून आपोआप सरकते. तुमचा फ्लॅश उडतो आणि तरी फोटो काळा येतो, म्हणून सर्वांत आधी संशय हिच्यावर. सीएफ आणि नंतरच्या लेन्समध्ये हा प्रश्न नाही.

मग सॉकेट. पीसी सॉकेट ही या सगळ्या जोडणीतली सर्वांत कच्ची कडी आहे. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवा, एक टोक मधल्या पिनला, दुसरे बाहेरच्या कड्याला. शटर बीवर ठेवून बटण दाबून धरा. शटर उघडे असेपर्यंत बीप सलग यायला हवा. तुटक आला तर आतला संपर्क मळला आहे, नीट चालत असेल तर केबलचे टोक सैल आहे. टोकाचे बाहेरचे कडे पक्कडीने अगदी किंचित दाबले की घट्ट बसते. केबल लोंबू देऊ नका, लेन्सच्या कडेला कापडी चिकटपट्टीने बांधा.

अर्धवट फोटोंचे कारण वेगळे. ५०० मालिकेत आरशामागे वर आणि खाली दोन पडदे असतात. बटण दाबले की ते उघडतात आणि बोट उचलेपर्यंत उघडे राहतात. १/८ सेकंद किंवा त्याहून संथ वेगावर लेन्सचे शटर मिटायच्या आत बोट उचलले, तर पडदे मध्येच येतात. फिल्मवरही हेच होते, पण डिजिटलवर लगेच दिसते आणि दोष बॅकला दिला जातो. बोट दाबून ठेवा, शटर मिटल्याचा आवाज ऐका, मग सोडा. १/१२५ ला सुद्धा वरच्या किंवा खालच्या कडेला काळी पट्टी येत असेल, तर पडद्यांचे तेल सुकले आहे. ते काम कॅमेरा मेकॅनिकचे, घरी तेल सोडू नका. तेल आरशावर आणि पुढे सेन्सरवर जाते.

आणखी एक. यांत्रिक कॅमेरा बॅकला शटरचा वेळ सांगत नाही. म्हणून काही बॅकच्या मेनूत 'छोटे एक्सपोजर' आणि 'लांब एक्सपोजर' अशी निवड हाताने करावी लागते. छोट्यावर ठेवून दोन सेकंदांचा फोटो काढला तर बॅक आधीच वाचन सुरू करते.

फ्लॅशबद्दल सावधानता: जुन्या स्टुडिओ लाइटच्या सिंक वायरीवर कधीकधी शंभराहून जास्त व्होल्ट असतात. लाइट चार्ज करून वायरीच्या टोकाशी डीसी व्होल्ट मोजा. सहाच्या वर आकडा आला तर तो लाइट बॅकला किंवा तिच्या केबलला थेट जोडू नका, रेडिओ ट्रिगर वापरा.

प्रश्न (पैठण): विणकरांच्या पैठण्यांचे फोटो कॅटलॉगसाठी काढतो. २२ मेगापिक्सेलच्या बॅकवर पदर सुरेख येतो, पण साध्या अंगावर हिरव्या-जांभळ्या लाटा दिसतात. प्रत्यक्ष साडीवर त्या नाहीत.

उत्तर: याला मॉइरे म्हणतात. विणीच्या धाग्यांची ओळ आणि सेन्सरच्या पिक्सेलची ओळ एकमेकींत अडकतात. बहुतेक मीडियम फॉरमॅट बॅकमध्ये चित्र किंचित मऊ करणारा गाळणीचा थर नसतो. पदरावरच्या मोराचा डोळा एवढा धारदार येतो तो त्यामुळेच, आणि रेशमाच्या सपाट विणीवर लाटा येतात त्याही त्यामुळेच.

हिशेब करून पाहा, मग उपाय आपोआप सापडतो. २२ मेगापिक्सेलच्या बॅकची लांब बाजू सुमारे ५४०० पिक्सेलची. समजा फ्रेममध्ये ६० सेंमी साडी घेतली, तर सेंटिमीटरला ९० पिक्सेल आले. कापडात सेंटिमीटरला ४० धागे असतील, तर एका धाग्याला सव्वादोन पिक्सेल. सेन्सरवर लाल आणि निळा रंग टिपणारे ठिपके एकाआड एक असतात, म्हणून एका धाग्याला चार पिक्सेल मिळेपर्यंत रंगाच्या लाटांचा धोका राहतो. चार मिळवायचे तर फ्रेममध्ये ३४ सेंमीच घ्यायला हवे. म्हणजे अंगाचा भाग दोन-तीन तुकड्यांत काढून जोडायचा. किंवा उलट, एवढे मागे जायचे की धागे दिसणारच नाहीत. मधल्या अंतरावर फसगत होते. धागे भिंगाखाली पट्टी ठेवून मोजा, अंदाज करू नका. साडीत उभे आणि आडवे धागे सारखे नसतात. जे दाट, त्यांचा हिशेब धरायचा.

अंतर बदलता येत नसेल तर ॲपर्चर बंद करा. एफ/२२ वर प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास सुमारे ३० मायक्रॉन होतो. तुमच्या बॅकचा पिक्सेल ९ मायक्रॉनचा, म्हणजे एक ठिपका तीन पिक्सेलांहून जास्त जागेवर पसरतो आणि लाटा बऱ्याच विरतात. धारही थोडी जाते, म्हणून पदर एफ/११ ला आणि अंग एफ/२२ ला असे वेगळे काढा. कॅमेरा पाच-सात अंश तिरका केला तरी लाटांचे स्वरूप बदलते, कधी पुरेसे. संगणकावर कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमधले मॉइरेचे साधन रंगाच्या लाटा काढते, उजेड-अंधाराच्या लाटा काढत नाही. ते फक्त अंगावर ब्रशने लावा. पूर्ण चित्रावर लावलेत तर बुट्टीच्या कडेचा रंगही खाऊन टाकील, आणि पैठणीचा फोटो बघणारा गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथेच बघतो.

प्रश्न (लातूर): व्ह्यूफाइंडरच्या स्क्रीनवर डोळा एकदम शार्प दिसतो, फोटोत कान शार्प येतो. फिल्मवर असे कधी जाणवले नाही.

उत्तर: फिल्मवरही होत असणार, ती झाकून घेत होती. एफ/२.८ वर सहा बाय सहाच्या फिल्मसाठी केवढा ठिपका धारदार मानायचा याचा नेहमीचा ०.०५ मिमीचा निकष धरला, तर फिल्मच्या जागी एकूण सुमारे ०.२८ मिमीची सूट मिळते. ९ मायक्रॉनच्या पिक्सेलला हीच सूट ०.०५ मिमी, म्हणजे पुढे-मागे ०.०२५ मिमी. डोक्याच्या केसाच्या निम्म्याहून कमी. एवढ्यात आरसा, स्क्रीन आणि सेन्सर तिघांचे जुळायचे असते.

परीक्षा अशी करा. ट्रायपॉडवर कॅमेरा, दीड मीटरवर टेबल, टेबलावर ४५ अंशांत टेकवलेली मोजपट्टी. भिंग उघडून पट्टीच्या १५ च्या आकड्यावर फोकस करा, ॲपर्चर पूर्ण उघडे. पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस पूर्ण बिघडवून नव्याने. पाचही फोटोंत एकाच बाजूला एकसारखी चूक असेल तर कॅमेऱ्यात दोष आहे. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर दोष डोळ्यांचा किंवा अंधुक स्क्रीनचा आहे.

कॅमेऱ्यात दोष असेल तर पहिला संशयित आरशाखालचा फोम. हॅसलब्लाडचा आरसा फोमच्या छोट्या गाद्यांवर टेकतो. वर्षे लोटली की तो फोम डांबरासारखा चिकट होतो आणि दबतो, आरसा जागचा हलतो, आणि स्क्रीनवर दिसते ते सेन्सरवर उतरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होते. दुसरा संशयित स्क्रीन: कधीतरी पुसायला काढलेली आणि उलटी बसवलेली. ते तुम्ही स्वतः दोन मिनिटांत तपासू शकता. फोम बदलणे आणि आरशाचा कोन लावणे मेकॅनिकचे काम, आणि काम देताना 'डिजिटल बॅकसाठी जुळवायचे आहे' असे स्पष्ट सांगा. फिल्मच्या मापाने जुळवलेले पुरत नाही. तोवर पोर्ट्रेट एफ/५.६ वर काढा.

प्रश्न (नांदेड): मामियाच्या आरबी ६७ ला हॅसलब्लाड बैठकीची बॅक लावायची ॲडाप्टर पट्टी मिळते म्हणतात. घ्यावी का?

उत्तर: चालते, पण दोन गोष्टी पाहून. पट्टीची जाडी अशी हवी की सेन्सर नेमका फिल्मच्या पातळीत येईल. स्वस्त पट्ट्यांत तिथेच घोटाळा असतो, म्हणून वर लातूरच्या वाचकांना सांगितलेली मोजपट्टीची परीक्षा करून मगच पैसे द्या. दुसरे, आरबी मागच्या मॅगझिनकडून फिल्म पुढे गेल्याची खूण मागतो. ती मिळाली नाही तर बटण दबत नाही. पट्टीने ती सोय केली आहे का, विचारा. इशारा लेन्सच्या सॉकेटमधून केबलनेच आणावा लागेल.

फायदा मोठा आहे: आरबीची पाठ फिरते, त्यामुळे आयताकृती सेन्सर उभा-आडवा करायला कॅमेरा हलवावा लागत नाही. ४९ × ३७ मिमीच्या सेन्सरवर ९० मिमीची लेन्स सुमारे १३० सारखी होईल. रुंद दृश्यासाठी ५० मिमी जवळ ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मे महिन्यात वेरूळ आणि दौलताबादला काम आहे. सीसीडी बॅक उन्हात टिकेल का? लांब एक्सपोजर हवे आहेत.

उत्तर: टिकेल, चित्रात दाणे मात्र वाढतील. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये वाहणारा विजेचा प्रवाह दर सहा-आठ अंशांना साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या सकाळी १८ अंशांत स्वच्छ येणारा ३० सेकंदांचा फोटो ४२ अंशांत आठपटीहून अधिक ठिपके दाखवू शकतो. उपाय साधे आहेत: दोन फोटोंच्या मध्ये बॅक बंद, वर पांढरे कापड, गाडीत ठेवायची तर थर्मासच्या पेटीत. पेटीत बर्फ नको. गार बॅक एकदम बाहेर काढली की काचेवर बाष्प धरते.

लांब एक्सपोजरनंतर बॅक तेवढाच वेळ शटर बंद ठेवून अंधाराचा फोटो घेते आणि तो वजा करते. पी ४५ प्लसला एक तासापर्यंतचे एक्सपोजर जमते, पण पुढचा तासही तिचाच. बॅटरी त्या हिशेबाने न्या. कैलासाच्या आवारात सकाळी लवकर पोहोचा, वरून उघडे असल्याने दहानंतर दगड तापतो आणि सावल्या कापल्यासारख्या पडतात. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढा. अजिंठ्यालाही जाणार असाल तर चित्रांवर फ्लॅश वापरता येत नाही.

प्रश्न (धाराशिव): सेन्सरवर धूळ बसली आहे. लेन्स पुसायच्या कापडाने पुसू का?

उत्तर: कापड नको, तोंडाने फुंकरही नको. आधी रबरी ब्लोअर, बॅकचे तोंड खाली धरून. राहिलेल्या डागांना सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब आणि मेथॅनॉलचे दोन थेंब. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हात, मग स्वॅबची दुसरी बाजू उलट दिशेने, मग तो टाकून द्या. तुम्ही पुसता ती सेन्सरवरची इन्फ्रारेड गाळणीची काच असते, तिच्यावर ओरखडा गेला तर तो प्रत्येक फोटोत येईल. बॅक काढली की लगेच तिचे झाकण लावा, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीतली धूळही ब्लोअरने काढा. पुढचा डाग तिथूनच येतो.